४ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत ये आणि तिथेच थांब

प्रिय,

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. '१९१४ साली ब्रिटनने महायुद्धात उतरायला नको होतं' ही बाजू तुझ्या वाट्याला आली आहे आणि तू ती जीव ओतून लिहिली आहेस. पण सुरुवातच सॉमच्या लढाईने केलीस, तिथे मी अडलो. १ जुलै १९१६ या एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. आकडा खरा आहे, अंगावर येतो. पण त्यातून युद्ध कसं लढलं गेलं एवढंच कळतं. उतरावं की नाही हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्यापुढे हा आकडा नव्हताच. समोरचा वक्ता तयारीचा असेल तर हे पहिल्याच मिनिटात दाखवून देईल, आणि तुझा उरलेला वेळ सारवासारवीत जाईल.

त्यापेक्षा ब्रिटनने युद्ध पुकारलं त्या दिवसाच्या, ४ ऑगस्ट १९१४ च्या, संध्याकाळपर्यंत ये आणि तिथेच थांब. तेव्हा काय ठाऊक होतं ते मांड. २ ऑगस्टला जर्मनीने बेल्जियमला बारा तासांची मुदत दिली होती : आमच्या फौजांना वाट द्या. बेल्जियमने नकार दिला आणि ४ तारखेला सकाळी जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आत घुसलं. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन करारात ब्रिटनने दिली होती, तशी प्रशियानेही, म्हणजे पुढे ज्याच्याभोवती जर्मनी उभा राहिला त्या राज्यानेही, दिली होती. त्याआधी, २९ जुलैच्या रात्री, जर्मन चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी ब्रिटिश राजदूताला सुचवून पाहिलं होतं की तुम्ही बाजूला राहा, युरोपातली फ्रान्सची जमीन आम्ही घेणार नाही. फ्रान्सच्या वसाहतींचं काय, असं विचारल्यावर मात्र तसा शब्द द्यायला ते तयार नव्हते.

माझं मत तुला माहीत असावं म्हणून सांगतो : इतकं समोर असताना ब्रिटनने उतरणं योग्यच होतं, असं मला वाटतं. तरीही तुझी बाजू लेचीपेची नाही. फक्त ती तू चुकीच्या जागी शोधते आहेस. तुझा खरा मुद्दा ऑगस्टच्या मागे आहे.

१९०६ पासून ब्रिटिश आणि फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांच्या वाटाघाटी चालू होत्या आणि बरीच वर्षं खुद्द मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. १९१२ मध्ये फ्रान्सने आपल्या आरमाराचा भर भूमध्य समुद्रात ठेवला, उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर उरला. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे ३ ऑगस्टला पार्लमेंटमध्ये बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी फ्रेंच राजदूताला नोव्हेंबर १९१२ मध्ये लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. त्यातलं शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं नाही. कृतीची वेळ आली तर दोन्ही सैन्यांच्या आधी आखलेल्या योजना लगेच विचारात घेतल्या जातील, असं त्यात होतं. देशाचे हात मोकळे आहेत असं सभागृहाला सांगताना नेमकं तेच वाक्य गळलं. तुझ्या भाषणाचा कणा हा प्रसंग असू दे. त्याच भाषणात ग्रे असंही म्हणाले की युद्धात उतरलो तर होणारं नुकसान बाहेर राहून होणाऱ्या नुकसानापेक्षा फारसं जास्त नसेल. सॉम आणायचाच असेल तर तो इथे आण, या अंदाजाच्या शेजारी. मग तो निव्वळ हळहळ उरणार नाही.

साक्षीदारही तुझ्याकडे आहेत. मॉर्ली आणि बर्न्स या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. मजूर पक्षाचे रॅम्से मॅकडोनाल्ड त्याच दिवशी त्याच सभागृहात ग्रेंच्या विरोधात बोलले. शिवाय बेल्जियमचा प्रश्न आलाच तर तो कायदेशीर बंधनापेक्षा धोरणाचा असेल, असं मंत्रिमंडळाने २९ जुलैला ठरवलं होतं. लक्झेंबर्गच्या तटस्थतेची हमी १८६७ ची, तिथे जर्मन २ ऑगस्टलाच घुसले, आणि त्यासाठी ब्रिटनने शस्त्र उचललं नाही. 'दिलेल्या शब्दासाठी लढलो' असं कुणी म्हणालं की लगेच हे दोन्ही मुद्दे पुढे कर.

समोरचे लोक ९ सप्टेंबरचा जर्मन आराखडा पुढे करतील, बेल्जियमला मांडलिक करण्याचा. तो युद्ध पेटल्यावर महिन्याने लिहिलेला आहे. जो नियम मी तुला लावला तोच त्यांनाही लाव.

हिंदुस्थानाबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, ती वाढव. लंडनने युद्ध पुकारलं आणि इथल्या माणसांना कुणी विचारलंही नाही. सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढायला गेली. तिच्यातल्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या, आणि त्यानंतर कैदेत किती तरी जण मेले. वेढा पुढचा, तो कुणालाच दिसत नव्हता. पण इथल्या लोकांना विचारायचं नाही, हे ४ ऑगस्टला लंडनमध्ये पक्कं ठाऊक होतं. छोट्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी उतरतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं होतं. त्यांनी ते दिलं नाही, आणि मी ब्रिटनच्या बाजूचा असूनही हे मला आजवर पटवून घेता आलेलं नाही.

तुझ्या भाषणात एक भोक मात्र अजून तसंच आहे. ब्रिटन बाहेर राहिला असता तर पुढे काय, यावर तू अवाक्षर काढलेलं नाहीस. फ्रान्स पडतो, इंग्लिश खाडीपलीकडची बंदरं जर्मन आरमाराकडे जातात, मग लंडनने काय करायचं? 'शांतता नांदली असती' हे उत्तर चालणार नाही. शनिवारच्या सरावात तुझ्या विरोधात मी उभा राहणार आहे, आणि माझा पहिला प्रश्न हाच असेल.

तुझे,
सर