उघड्यावरच्या शेवंतीला काळं कापड झाकून लवकर फुलं आणता येतात का?

येतात. शेवंती दिवसाची लांबी पाहून फुलते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती रात्र मोजते. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे काम करतं. सलग अंधार पुरेसा मिळाला की शेंडा पानं काढायचं थांबवून कळी धरतो.

रोप वीतभर वाढलेलं, निरोगी असू द्या. मग रोज संध्याकाळी सहाला झाका, सकाळी आठला काढा, म्हणजे चौदा तास अंधार. कापड दाट विणीचं, काळं हवं. आत हात घालून बघा, बोटं दिसली तर एक थर वाढवा. प्लास्टिक शक्यतो नको. खाली वाफ धरते, पानांवर बुरशी येते आणि रात्रीच्या उकाड्यानं कळ्या यायला उलट उशीर होतो. कापडही काठ्यांच्या सांगाड्यावर टाका, शेंड्यांना टेकू देऊ नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो खंडानं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा पडला तरी रोपाच्या लेखी एका मोठ्या रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात! रस्त्यावरच्या दिव्याखालची शेवंती नुसतीच पालेदार का राहते, ते यावरून कळेल. मधे सुट्ट्या घेऊ नका.

तीनेक आठवड्यांत शेंड्यावर हिरवं बटण दिसेल, पण तेव्हा थांबायची घाई नको. कळीत रंग डोकावेपर्यंत झाकत राहा. फुलं उमलायला जातीनुसार एकूण आठ-दहा आठवडे धरा.