शालीबरोबर काम द्या

शरणपूर, नाशिक

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

चर्चच्या कमिटीवर आल्या आल्या तू आपल्या मंडळीतल्या ज्येष्ठांचा सत्कार ठरवलास, वाचून बरं वाटलं. शाल घेईन मी. पण शेवटी तू लिहिलंस, ‘आजोबा, खूप केलंत, आता आराम करा.’ त्याबद्दल हे पत्र.

बायबलातल्या गणनाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढ. लेव्यांनी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या पुरुषांनी, २५व्या वर्षी सेवेला लागायचं आणि ५०व्या वर्षी ती सोडायची, असा नियम आहे. निवासमंडप म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू; त्याचं काम अंगमेहनतीचं, वाहून नेण्याचं. पण पन्नाशीनंतर घरी बसा, असं तिथं म्हटलेलं नाही. भाऊबंदांना मंडपात मदत करत राहायचं. मला यातली सोडण्याची गोष्टच जड गेली. सेक्रेटरीपद, किल्ल्या, रजिस्टर, सगळं वर्षानुवर्षं माझ्याच कपाटात. त्यापायी तुझ्यासारखा एक होतकरू मुलगा मंडळीत यायचाच बंद झाला. पुढे मी देवाची क्षमा मागितली, त्याचीही मागितली.

प्रभुभोजनाचा प्याला धरताना हात कापू लागला, तेव्हा तेही काम सोडलं. आता माझ्याकडे एक वही आहे. पहाटे चहाच्या आधी ती उघडतो. एकेका घराला एकेक पान, आणि लिहायचं पेन्सिलीनं: कुणाचं ऑपरेशन, कुणाची मुलाखत, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले. प्रार्थना करतो, दुपारी फोन करतो. काम झालं की नोंद खोडायची आणि आभार मानायचे. काही पानं खोडून खोडून पातळ झालीत. काही ओळी मात्र सहा सहा वर्षं तशाच आहेत. त्यांवर रोज बोट ठेवतो.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीची, लक्ष्मीबाई टिळकांची आठवण ठेव. १९१९ साली त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक वारले, ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे. शाळेत न शिकलेल्या त्या बाईनं उरलेले अध्याय लिहायला घेतले आणि पुरे केले.

म्हणून शाल दे, पण त्या दिवशी प्रत्येकाला एक कामही दे. ‘काही करता येईल का?’ असं मोघम विचारू नकोस, म्हातारी माणसं संकोचानं नाहीच म्हणतात. संडे स्कूलमधल्या तीन मुलांची नावं लिहून हातात ठेव, यांच्यासाठी रोज प्रार्थना करा म्हणून सांग. ज्या आजींची दृष्टी गेली आहे, त्यांना जुनी गायनं चालींसकट पाठ आहेत. मुलांना त्यांच्या खाटेपाशी घेऊन जा. मीटिंग रात्री नऊला ठेवू नकोस, रिक्षा मिळत नाही. आणि आमच्यापैकी कुणी माझ्यासारखा किल्ल्या धरून बसला, तर आदरानं पण स्पष्ट माग.

तुझंही पान आहे वहीत. कमिटीची पहिली मीटिंग कधी आहे ते कळव, तेवढी तारीख लिहायची राहिली आहे.

तुझा,
आजोबा