९५ अंशांच्या वाया जाणाऱ्या पाण्यापासून अमोनिया-पाण्याच्या मिश्रणाने वीज काढता येईल का?

आपल्या कारखान्यातून ताशी सुमारे २० घनमीटर पाणी ९५ अंश सेल्सिअसला बाहेर पडते, ते कुलिंग टॉवरवर नेऊन थंड करावे लागते, आणि त्यावर कालिना चक्र (अमोनिया-पाण्याचे मिश्रण उकळवून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवण्याची पद्धत) बसवून वीज काढावी का, असे आपण विचारले आहे. वीज निघेल, पण आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघेल. एका दूध डेअरीच्या अमोनियावर चालणाऱ्या शीतकरण प्लांटवर मी बरीच वर्षे काम केले असल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे; म्हणून आधी या चक्राची खुबी सांगतो आणि मग हिशेब मांडतो.

शुद्ध द्रव एका दाबाला एकाच तापमानाला उकळतो. उष्णता देणारे पाणी मात्र ती देता देता थंड होत जाते, त्यामुळे द्रवाचा उकळबिंदू बराच खाली ठेवावा लागतो आणि सुरुवातीच्या ९५ अंशांचा पुरेसा लाभ मिळत नाही. मिश्रणात तसे होत नाही. त्यातून प्रामुख्याने अमोनिया आधी सुटू लागतो, उरलेला द्रव पाणचट होत जातो आणि त्याचा उकळबिंदू चढत जातो. एका बाजूला पाण्याचे तापमान उतरत असते, समोरून मिश्रणाचे चढत येत असते, आणि दोहोंमधले अंतर बऱ्याच लांबीपर्यंत कमीच राहते. अलेक्झांडर कालिना यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या या चक्राचे मर्म माझ्या मते एवढेच आहे, आणि ते खरोखर सुंदर आहे.

थंड बाजूची युक्तीही तितकीच महत्त्वाची आहे. ३० अंशांना शुद्ध अमोनियाची वाफ द्रवरूप करायची तर सुमारे ११.७ बार दाब लागतो. टर्बाइनच्या मागे एवढा दाब राहिला, तर पुढून आलेल्या वाफेला काम करायला फारसा वाव उरत नाही. म्हणून सेपरेटरमध्ये (वाफ आणि द्रव वेगळे करणाऱ्या भांड्यात) मागे राहिलेला पाणचट द्रव टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत मिसळतात. तो अमोनिया शोषून घेतो आणि कंडेन्सरमधला, म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव होतो तिथला, दाब उतरतो.

आता हिशेब. आपले पाणी ९५ वरून ६५ अंशांपर्यंत उतरवले, तर सुमारे ७०० किलोवॉट उष्णता मिळते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कुलिंग टॉवरचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते, हे धरले तर तत्त्वतः शक्य असलेली कमाल कार्यक्षमताच १२-१३ टक्क्यांच्या घरात येते, आणि प्रत्यक्ष यंत्रातून साधारण त्याच्या निम्मी मिळते. म्हणजे ४०-४५ किलोवॉट, आणि त्यातूनही पंप व पंखे आपला वाटा घेणार.

आइसलँडमधील हुसाविक येथे २००० साली सुरू झालेल्या प्रकल्पाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे सुमारे १२० अंशांचे भूगर्भातील पाणी सेकंदाला ९० किलो एवढ्या प्रमाणात येत होते आणि थंड करायला सुमारे ५ अंशांचे पाणी उपलब्ध होते. तरीही वीज २ मेगावॉटच्या आसपासच होती. जपानमधील काशिमा पोलाद कारखान्यात १९९९ पासून ९८ अंशांच्या पाण्यावर सुमारे ३ मेगावॉटचे संयंत्र चालवले गेले. त्याचे तापमान आपल्याएवढेच आहे, परंतु उष्णतेचा साठा कितीतरी पट मोठा आहे, आणि नेमका हाच फरक निर्णायक ठरतो.

देखभालीविषयी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. आमच्या प्लांटवर कुणीतरी घाईत प्रेशर गेजला पितळी जोड लावला होता. काही महिन्यांनी त्यावर निळसर हिरवा थर चढला आणि मग मध्येच एक केसासारखी चीर गेली. ती जागा शोधायला आम्ही गंधकाची काडी पेटवून जोडाजवळून फिरवली. जिथे पांढरा दाट धूर उठला तिथे गळती सापडली. तांबे आणि पितळ अमोनियाला अजिबात चालत नाही, सगळी पाइपलाइन पोलादाचीच हवी, आणि ज्यांना अमोनियाचा सराव आहे असे ऑपरेटर तिन्ही पाळ्यांत हवेत. ४० किलोवॉटसाठी एवढा पसारा परवडेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे बॉयलर आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास त्याचे फीडवॉटर (बॉयलरमध्ये भरायचे पाणी) किंवा धुलाईचे पाणी याच उष्णतेने आधी तापवून घ्यावे, कारण त्यातून ७०० किलोवॉटपैकी बरीचशी उष्णता थेट इंधनाची बचत म्हणून हाती लागेल. त्यानंतरही बरेच गरम पाणी उरत असेल, तर वर्षभरातील त्याचा प्रवाह, बाहेर पडतानाचे तापमान आणि मे महिन्यातील कुलिंग टॉवरच्या पाण्याचे तापमान या तीन नोंदी येथे लिहाव्यात. त्यावरून हिशेब पुन्हा मांडून देईन.