मनगटी रिलीज की अंगठ्याचा?

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा असून दोन वर्षे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य वापरल्यानंतर तो आता कंपाउंडकडे (टोकांना चाके असलेल्या धनुष्याकडे) वळला आहे. अमेरिकेत परवाना घेऊन शिकार करणाऱ्या माझ्या भावाने त्याला मनगटाला बांधायचा रिलीज (धनुष्याची दोरी धरून सोडण्याचे साधन) पाठवला आहे. मैदानावरचे ज्येष्ठ खेळाडू मात्र हिंज (हातात धरून किंचित फिरवला की सुटणारा रिलीज) घ्यायला सांगतात. काय करावे?
– एक पालक, फोंडा

उत्तर : आपल्या भावाच्या कामाला तो रिलीज अगदी योग्य आहे. पट्ट्यामुळे तो खाली पडत नाही, हातमोजे घालूनही डी-लूपला (दोरीवर बांधलेल्या छोट्या फासाला) चटकन अडकवता येतो आणि सावज क्षणभरच समोर थांबत असल्याने तर्जनीने हवा तेव्हा बाण सोडता येतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे. आपल्या मुलासमोर असेल ते ५० मीटरवरचे ८० सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य. तेथे साइटचा (धनुष्यावरील नेम धरण्याच्या साधनाचा) ठिपका मधल्या पिवळ्या भागावर येताच ट्रिगर झटक्याने दाबण्याची सवय फार नडते, कारण पुढे पुढे ठिपका स्थिरावण्याआधीच बोट हलू लागते. खेळाडू याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ते जडले की सुटायला फार काळ जातो.

हिंजला ट्रिगरच नसतो. पाठीच्या स्नायूंनी ओढ कायम ठेवत रिलीज किंचित फिरला की दोरी सुटते. शिस्त लावणारे ते उत्तम साधन आहे, परंतु धनुष्य ओढतानाच तो चुकून फिरला तर दोरी अर्ध्यावर सुटून मूठ तोंडावर आदळते. त्यामुळे आधी दोरीचा फास करून त्यावर भरपूर सराव झाल्याखेरीज तो मुलाच्या हाती देऊ नये.

माझ्या मते सुरुवातीला अंगठ्याचा, हातात धरायचा रिलीज घ्यावा. ट्रिगर फार हलका ठेवू नये. अंगठा त्यावर नीट टेकवून पाठीने ओढत राहावे, म्हणजे बाण आपसूक सुटतो. तीन बोटांचा की चार बोटांचा हे तळहातावर ठरते, म्हणून विकत घेण्यापूर्वी सोबत्यांचे रिलीज हाताळून पाहावेत. मनगटी रिलीजवरून हातातल्यावर येताना जबड्याशी हात टेकण्याची जागा बदलते, तेव्हा ड्रॉ लेंग्थ (दोरी किती ओढली जाते ती लांबी) आणि पीप साइटची (दोरीतल्या नेम धरण्याच्या छिद्राची) उंची प्रशिक्षकांकडून पुन्हा तपासून घ्यावी. ते न केल्याने बाण भरकटतात आणि दोष मात्र नव्या रिलीजला दिला जातो.

गोव्याच्या पावसाळ्यात रोज सराव संपल्यावर रिलीज कोरड्या कापडाने पुसावा. गंजामुळे त्याचा हुक पूर्ण मिटेनासा झाला, तर दुरुस्त होईपर्यंत त्याने एकही बाण ओढू नये.