अश्मयुगातला माणूस शिकार करायचा, हे जनावरांच्या हाडांवरून कसं कळतं? ती जनावरं सिंह-तरसांनी मारली नसतील कशावरून?

पुरातत्त्वात प्राण्यांची हाडं हाच माझा विषय, आणि आमचं पहिलं काम तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरू होतं.

दक्षिण आफ्रिकेत मकापान्सगटच्या गुहेत हजारो हाडं सापडली. त्यांत दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक भरपूर, खांद्याकडचं जवळजवळ नाहीच. रेमंड डार्ट यांनी अर्थ लावला की आदिमानवाने ही हाडं हत्यारं म्हणून निवडून आणली. बॉब ब्रेन यांना ते पटेना. १९६०च्या दशकात त्यांनी नामिब वाळवंटात कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांमधून, लोकांनी खाऊन टाकलेली आणि कुत्र्यांनी चघळलेली शेळ्यांची हाडं गोळा केली. प्रमाण तसंच निघालं! खांद्याकडचं टोक मऊ, सच्छिद्र असतं, ते कुत्रे फस्त करतात. कोपराकडचं घट्ट म्हणून उरतं. निवड कुणीच केलेली नव्हती. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेतल्या, आदिमानवाच्या पोराच्या एका कवटीवरच्या दोन भोकांत बिबट्याचे सुळे नेमके बसतात, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे तिथे आदिमानवच भक्ष्य होता. हाडांच्या अभ्यासातलं इतकं सुंदर काम मला दुसरं माहीत नाही.

मग माणूस ओळखायचा कसा? दगडी पात्याची खूण अरुंद, खोल, आत बारीक रेघा असलेली. दाताची उथळ आणि रुंद. मज्जेसाठी हाड दगडाने फोडलं तर घाव बसलेल्या जागी खाच पडते. हे सगळं मायक्रोस्कोपखाली तपासतात.

पण खूण कुठे आहे, हे त्याहून मोलाचं. सिंह मांड्या आणि दंड आधी खातो. त्यामुळे मांडीच्या हाडावर मधोमध पात्याच्या खुणा असतील, तर माणूस पोचला तेव्हा मांस शिल्लक होतं. टांझानियातल्या ओल्डुवाई इथे सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर अशा खुणा आहेत. काही अभ्यासक मात्र तिथल्याच दातांच्या खुणांवर बोट ठेवून म्हणतात, श्वापदंच आधी जेवली होती. मला पहिली बाजू पटते.

तरीही ताज्या शिकारीवरून सिंहाला हुसकावलं असेल, तरी हाडावर खुणा त्याच उमटतात. ‘आधी कोण जेवलं’ हे हाड सांगतं. ‘मारलं कुणी’ यासाठी इतर पुरावा लागतो. पुष्कळ नंतरच्या काळातल्या, जर्मनीतल्या शोनिंगेनला तो मिळाला: पात्याच्या खुणा असलेली घोड्यांची हाडं आणि त्यांच्यातच पडलेले लाकडी भाले.