गाजरावर फार भिस्त ठेवू नकोस
गाजरानं चष्म्याचा नंबर उतरत नाही, ती आशा आधी सोड. मंडईतून पालक, मेथी, शेवग्याचा पाला आण. डोळ्याच्या पडद्याला लागणारं ल्युटीन नावाचं पिवळं रंगद्रव्य त्यात भरपूर. तेलातुपाशिवाय ते नीट अंगी लागत नाही, म्हणून नुसत्या उकडलेल्या पाल्यापेक्षा लसणाची फोडणी दिलेली भाजी बरी. अंड्याचा पिवळा बलकही फेकू नकोस, त्यातलं ल्युटीन फुकट जातं. ल्युटीनच्या गोळ्या मात्र राहू दे: २०१३च्या अमेरिकेतल्या एआरईडीएस-२ या डोळ्यांच्या आजारावरच्या अभ्यासातलं १० मिलिग्रॅम ल्युटीन वयोमानानं पडदा झिजू लागलेल्यांसाठी होतं, हिंजवडीत दिवसभर स्क्रीन बघणाऱ्या पंचविशीतल्यांसाठी नाही. घरात मधुमेह असेल तर बेकरीची खारी, क्रीमरोल आवर. साखर चढती राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि त्यावर पालकाचा इलाज नाही.