मोठा ग्राहक वजा केला, तर उरतं किती?

तुमच्या पत्राचा सारांश असा: वय ३४, पुण्यात आयटी कंपनीत चार वर्षं सात महिने नोकरी, हातात ९५ हजार. गेले सहा महिने शनिवार-रविवारी वेबसाइट डिझाइनची कामं करता, त्यातून महिन्याला सरासरी ६० हजार मिळतात. आता पूर्णवेळ हेच करायचंय, आणि पीएफ काढून गृहकर्ज कमी करावं का, असं तुम्ही विचारता.

माझं मत: नोकरी जरूर सोडा, पण आत्ता नको. आणि पीएफला हात लावू नका.

सहा महिन्यांच्या ३ लाख ६० हजारांपैकी अडीच लाख दुबईच्या एकाच ग्राहकाचे आहेत. तो वजा केला, तर महिन्याला जेमतेम १८ हजार उरतात. मला काळजी वाटते ती याची. नवी साइट एकदाच बनते. होस्टिंग, अपडेट, दुरुस्ती यांचं वार्षिक कंत्राट मात्र दरवर्षी पैसे देतं. अशी तीन-चार कंत्राटं आधी पदरात पाडून घ्या. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कामाला हात घालू नका, ओळखीतल्या माणसाचं असलं तरी.

घरखर्च हप्त्यासकट ७८ हजार, पत्नीचा पगार २८ हजार. सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि विम्याचे १० हजार धरले आणि एकही काम मिळालं नाही, तर महिन्याला ६० हजारांची तूट. तुमची ४ लाखांची एफडी साडेसहा महिन्यांत संपेल. इथे ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, कामाला येते. पाच वर्षं पूर्ण झाली आणि बेसिक ५० हजार असेल, तर साधारण १ लाख ४४ हजार मिळतील. म्हणजे तग धरायला नऊ महिने. आज राजीनामा दिलात, तर ९० दिवसांचा नोटीस पिरियड धरूनही चार वर्षं दहा महिनेच भरतील. तीन महिन्यांनी द्या. कंपनी कधीकधी लवकर मोकळं करते, म्हणून थोडी सवड ठेवा.

पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं आणि तुमचं कर्ज ८ टक्क्यांचं आहे. मग पीएफ मोडून कर्ज फेडण्यात फायदा काय?

पगाराची स्लिप हातात आहे तोवर दोन कामं उरका: टर्म इन्शुरन्स आणि क्रेडिट कार्ड. नंतर तुमच्याकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतील. कुटुंबाचा आरोग्यविमाही आत्ताच स्वतंत्र घ्या. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर जाईल, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. तुमच्या पत्नीला थायरॉइड आहे, म्हणून हे सगळ्यात आधी.

जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही. दुबईच्या पैशांवर इथे टीडीएस कापला जात नाही, तेव्हा कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकत चला. नेमणूकपत्रात जोडधंद्याला मनाई आहे का, तेवढं आज रात्रीच वाचून घ्या.